नेमकं कुठे फसलं ते सांगा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आपल्या कोकणात नाटकं होतात, चित्रांची प्रदर्शनं भरतात, आपलं लोकनाट्य दशावतार तर जत्रांचा सीझन सुरू झाला की रोज रात्री कुठल्या ना कुठल्या देवळात उभा असतोच, पण दुसऱ्या दिवशी त्यावर नीट लिहिणारं माणूस सापडत नाही. त्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत. पत्रं थोडी कापलीत आणि नावं कुणाचीच देत नाहीये, कारण ज्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंय ती माणसं तुमच्याच वाडीत राहतात.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या शेजाऱ्यांनी बसवलेल्या नाटकावर मी इथल्या एका साप्ताहिकात छोटं परीक्षण लिहिलं. अर्ध्यात कौतुक केलं, अर्ध्यात चुका दाखवल्या. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, त्यांच्या मिसेसनी आमच्याकडे येणं बंद केलं. एवढ्याशा गावात खरं लिहायचं तरी कसं? की लिहूच नये?

लिहूच नये हे उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. पण तुम्हाला एक घडलेली गोष्ट सांगते, कारण समीक्षेबद्दल मला जे काय कळलंय त्यातलं निम्मं तिथेच कळलं.

बरीच वर्षं झाली. आमच्या तालुक्याच्या गावी एकांकिका स्पर्धा होती, मी कथा लिहिते म्हणून मलाच सांगितलं की ताई तुम्हीच लिहा स्पर्धेवर, आणि मी लिहिलं. सात एकांकिकांवर मिळून एक पान. त्यातल्या एकीबद्दल लिहिलं होतं, "प्रकाशयोजना ढिसाळ वाटली". बस, एवढे तीन शब्द. तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर उभी होते, हातात बाजाराची पिशवी, आणि एक मुलगा समोर आला, खांद्यावर वायरचं भेंडोळं, बोटांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. दिवसभर तो वायरमनचं काम करायचा आणि त्या एकांकिकेचा लाइट त्याने केला होता. मला वाटलं आता भांडण. तर तो अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, नेमका खंय फसला ता सांगा ना, म्हणजे पुढच्या येळेक बघूक बरा."

आणि मला सांगता येईना.

मी म्हटलं बऱ्याच ठिकाणी. तो म्हणाला बऱ्याच म्हणजे खंय, दुसऱ्या प्रवेशात काय? मग त्यानेच सांगायला सुरुवात केली, की दुसऱ्या प्रवेशात लाइट कमी-जास्त करायचा डिमर अडकला आणि समोरचे दोन स्पॉट फुल्ल राहिले, त्याने विंगेतून जाऊन एकाची पिन हाताने ओढून काढली, बोटं भाजली ती तेव्हाच. पण मला खटकलेलं ते हे नव्हतंच. तो बोलत असताना मला हळूहळू आठवत गेलं की खटकलं होतं ते शेवटी, आई पत्र वाचते तिथे, तिचा चेहरा अंधारात होता. आणि तो अंधारात होता कारण ती बाई ठरलेल्या जागेपासून दोन पावलं मागे उभी राहिली, लाइट आपल्या जागी बरोबर होता. म्हणजे मी लिहिलेले तीन शब्द नुसते कठोर नव्हते तर चूक होते, आणि ज्याने बोटं भाजून घेऊन नाटक वाचवलं त्याच्याच नावावर ती चूक मी छापून टाकली होती. पुढच्या आठवड्यात त्याच साप्ताहिकात मी ते दुरुस्त करून लिहिलं, पण पहिलं वाचलेल्या सगळ्यांनी दुसरं वाचलं असेल असं नाही, आणि ते मला अजून लागतं.

तेव्हापासून तिकिटाबरोबर वही असतेच. अंधारात न बघता लिहायची हाताला सवय लागते, ओळी एकमेकींवर चढतात पण घरी गेल्यावर लागतात. कुठला प्रवेश, कोण कुठे उभं होतं, कुठलं वाक्य ऐकू आलं नाही, माझ्या पुढच्या रांगेतली माणसं कुठे हलायला लागली, एवढंच लिहायचं. मत नंतर. "नेमकं कुठे" याला उत्तर नसेल तर ते वाक्य मी कापते, ते कितीही चांगलं जमलेलं असो.

आता तुमच्या शेजाऱ्यांचं. तुम्ही परीक्षणाचं कात्रण पाठवलंत ते मी दोनदा वाचलं आणि मला वाटतं ते चुकांच्या परिच्छेदावर रागावलेले नसावेत. तो परिच्छेद बरा आहे, "मध्यंतरानंतरचा बैठकीचा प्रवेश लांबला" हे तुम्ही स्पष्ट लिहिलंय. कच्चा आहे तो कौतुकाचा परिच्छेद. "सर्वांचा अभिनय उत्तम", "नेपथ्य साजेसं", "दिग्दर्शकाचं अभिनंदन". ज्या माणसाने चार महिने ऑफिस सुटल्यावर तालमी घेतल्या, पदरमोड करून स्टेजवरच्या उंचवट्यांच्या लेव्हल्स बनवून घेतल्या, त्याला वाटणार ना की याने चुका तेवढ्या बघितल्या आणि चांगलं म्हणायचं म्हणून म्हटलं. आपल्याकडे तोंडदेखलं कौतुक फार होतं, शाल-श्रीफळ, फोटो, "अप्रतिम, अप्रतिम", आणि ते घेणाऱ्यालाही कळतं की यात काही नाही. कौतुकसुद्धा नेमकं करावं लागतं. त्यांच्याकडे जा, फोन नको, जा, आणि त्यांना विचारा की कुठलं वाक्य लागलं. आणि तुम्हाला नाटकात मनापासून आवडलेली एक जागा सांगा, एकच पण अगदी बोट ठेवून. बोलतील की नाही ते मी सांगू शकत नाही. पण भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खरं, भिडेपोटी गोड लिहीत गेलात तर दोन वर्षांत तुमच्या कौतुकाला गावात कुणी विचारणार नाही, आणि ज्याला खरंच शिकायचंय तो मुलगा वायरचं भेंडोळं घेऊन कुणाकडे जाणार मग?

एक पथ्य मी पाळते ते सांगते. छापायच्या आधी मजकूर कुणाला दाखवत नाही, पण अंक आला की त्या लोकांना तो मी स्वतः नेऊन देते. दारात उभं राहून देते. जे तोंडावर देता येणार नाही ते लिहायचं नाही.

प्रश्न (चिपळूण): मी कॉलेजला आहे. आम्ही सात जणांनी 2021 च्या पुरावर एक नाटक केलं, वाशिष्ठीच्या काठावर, स्टेज नाही, संवाद जवळजवळ नाहीत, फक्त चिखल, भांडी आणि भिंतीवरची पाण्याची रेघ. माझे काका स्वतः जुने हौशी नट आहेत, ते म्हणाले हे नाटकच नव्हे. प्रायोगिक म्हणजे नक्की काय असतं?

अरे, आपल्या भाषेत नाटकाच्या प्रत्येक खेळालाच प्रयोग म्हणतात, हे कधी लक्षात घेतलंयस? आज पंचविसावा प्रयोग, उद्याचा प्रयोग मालवणला. म्हणजे काकांनी आयुष्यभर जे केलं तेही प्रयोगच. हे त्यांना सांग, कदाचित बोलणं तिथूनच सुरू होईल.

मुंबईतली गोष्ट तुला माहीत असेलच, विजया मेहतांनी वगैरे 1960 साली रंगायन ही नाट्यसंस्था सुरू केली, मग 1971 ला अरविंद-सुलभा देशपांडे वगैरेंनी आविष्कार, आणि 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं व्हायला लागली. शाळेचा हॉल तो, थिएटर नव्हे. नट आणि बघणारे अगदी जवळजवळ. त्या हॉलने मराठी नाटकाला किती माणसं दिली याची यादी देत बसत नाही, ती कुठेही मिळेल. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट, की जागा बदलली म्हणून लिहिणं बदललं, बोलणं बदललं. हॉल छोटा म्हणून आवाज खाली आला, आवाज खाली आला म्हणून वाक्यं साधी झाली. प्रायोगिक म्हणजे माझ्या लेखी हेच, की तुम्ही एक गोष्ट खरोखर बदलता आणि तिच्यामुळे बाकी काय काय हलतं ते शेवटपर्यंत बघता. नुसतं स्टेज काढून टाकलं, संवाद काढून टाकले, एवढ्याने होत नाही.

तुमचं नाटक मी बघितलेलं नाही, म्हणून ते बरं की वाईट यावर एक शब्द बोलणार नाही. पण पत्रात तू लिहिलंयस की शेवटी एक मुलगी ओल्या चिखलाने आपल्या छातीच्या उंचीवर भिंतीवर रेघ ओढते आणि मग बघणारे एकेक करून त्या रेघेला पाठ लावून उभे राहायला लागले, तुम्ही सांगितलं नव्हतं तरी. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. चिपळूणच्या बाजारपेठेत ज्यांनी जुलैतली ती रात्र माळ्यावर बसून काढली ती माणसं स्वतःला त्या रेघेला मापून बघत होती. तुझे काका त्या वेळी काय करत होते? तेही जाऊन उभे राहिले का? हे त्यांना विचार आणि मला कळव, मला खरंच जाणून घ्यायचंय.

प्रश्न (कुडाळ तालुका): दशावतारात हल्ली ट्रिकसीनचं फार झालंय. धूर, एलईडी, हवेत उडणारे देव. जुन्या लोकांना आवडत नाही पण बोलायला कुणी तयार नाही, कारण लोककलेला नावं ठेवली की लोक म्हणतात तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला काय कळतं. तुमचं मत काय?

माझं मत सांगायच्या आधी एका रात्रीचं सांगते. गाव सांगत नाही. देवळाच्या बाजूच्या खोलीत रंगपट, मी एका ओळखीच्या म्हाताऱ्या कलाकाराला भेटायला गेले होते, संध्याकाळ कधीच टळलेली, जेवणं चालू होती. पाच-सहा माणसं जमिनीवर बसून आपापला मेकअप करतायत, प्रत्येकाचा आरसा वेगळा, एकाचा तर स्कूटरचा काढलेला आरसा, तो पेटीच्या कडीत अडकवलेला. राजपार्ट करणारा भुवया काढत होता आणि त्याच वेळी कंपनीचा मालक त्याला आख्यान सांगत होता. म्हणजे आज रात्री कुठलं कथानक करायचं ते तेव्हा ठरत होतं! तू अमुक, तो तमुक, तुझी एन्ट्री त्याच्यानंतर, युद्ध इथे, हिचा विलाप तिथे. पाच मिनिटात संपलं. संवाद कुणीच सांगितले नाहीत, कारण ते लिहिलेलेच नसतात, नट उभा राहतो आणि पुराणातलं त्याला जेवढं पाठ आहे, जेवढं आयुष्य बघितलंय, त्यातून बोलतो. पेटीवाला आणि मृदुंगवाला त्याच्या तोंडाकडे बघून साथ धरतात. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाकडं, तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर.

आणि मग रात्री दोनच्या सुमाराला स्त्रीपार्ट करणारा तो माणूस, दिवसा तो काय काम करतो ते मला माहितीय, अंगमेहनतीचं आहे, तो राणीच्या वेषात बाकड्याच्या कोपऱ्यावर बसला आणि टाकलेल्या बाईचं जे बोलला, ते तो त्या रात्रीच बोलला. "ज्या उंबऱ्यावर माप ओलांडलं तो उंबरा आता माझं पाऊल ओळखत नाही" अशा अर्थाचं काहीतरी होतं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईने पदर तोंडाला लावला. आणि नेमका तेव्हाच मागून धूर सोडला. पुढच्या सीनसाठीचा धूर, थोडा आधी सुटला. पोरांनी मोबाईल वर केले. त्या वाक्याचा शेवट मला ऐकूच आला नाही, आणि तो आता कुणालाच कधी ऐकू येणार नाही, कारण ते वाक्य कुठे लिहिलेलंच नव्हतं.

मला ट्रिकसीनचा राग नाही हो. पोरंटोरं, मुंबईचे चाकरमानी त्यासाठी येतात, त्यावर कंपनीची तारीख लागते, त्या तारखेवर घरं चालतात. "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" ही म्हण या माणसांनीच स्वतःबद्दल केलेली आहे, तिच्यात कष्ट किती आहेत ते बघा. संकासुराच्या सोंगात मालवणीतून कुणाकुणाची टिंगल करणारा नट आजच्या गोष्टी आत आणतोच की, दशावतार कायम नवीन घेत आलाय. माझं म्हणणं आहे ते त्या धुराच्या वेळेबद्दल. ते मी कंपनीच्या मालकांना सकाळी सांगितलं, खेळ संपून दहीकाला झाल्यावर, चहा पिताना, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं, स्त्रीपार्टवाल्याला हाक मारून सांगितलं की बाई काय म्हणतायत बघ. त्याने मला विचारलं, कुठलं वाक्य ऐकायला आलं नाही? म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. या वेळी माझ्या वहीत उत्तर होतं.

शिकलेल्या माणसांनी बोलू नये हे मला पटत नाही, पण शिकलेली माणसं दशावताराबद्दल जे बोलतात ते बहुतेक "लोककला जपली पाहिजे" एवढंच असतं, ते ऐकून त्या कलाकाराला काय मिळतं? चाळीस वर्षं काम केलेल्या नटाला सत्कार मिळतो, ट्रॉफी मिळते, पण अमुक जत्रेत तुमचं अमुक भाषण असं उभं राहिलं हे कुणी लिहून दिलेलं नसतं. ज्या नाटकाची संहिता नाही त्याच्यावर लिहिणाऱ्याची जबाबदारी दुप्पट, कारण उद्यासाठी उरणारा कागद तोच. तुमच्या गावातल्या जत्रेपासून सुरुवात करा. तुम्हाला मालवणी येते, कथा माहितीयत, नट ओळखीचे आहेत, तुमच्याएवढं कळणारं दुसरं कोण आहे?

प्रश्न (संगमेश्वर तालुका): मी चित्रकलेची विद्यार्थिनी. आम्हाला चित्रावर लिहायला सांगतात तेव्हा मला फक्त "रंगसंगती छान", "रेषेत लय आहे" एवढंच सुचतं. अमूर्त चित्र असेल तर तेवढंही नाही. मराठीत चित्रावर कसं लिहायचं?

तुझ्याच किनाऱ्यावरचा एक माणूस आधी सांगते. चित्रकार प्रभाकर बरवे, जन्म 1936, अलिबागजवळचं नागाव. घड्याळ, पान, फळ अशा साध्या वस्तू घेऊन तो पत्र्याला लावायच्या एनॅमल पेंटने कॅनव्हासवर काम करायचा, आणि रोजच्या रोज वहीत लिहायचा, चित्र काढताना मनात काय होतं ते. त्यातून 1990 साली कोरा कॅनव्हास हे पुस्तक आलं. पाच वर्षांनी तो गेला. 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन भरलं. ते पुस्तक लायब्ररीतून मिळव, कारण मराठी वाक्यात रिकाम्या जागेबद्दल, आकाराबद्दल, वस्तूच्या सावलीबद्दल किती सरळ बोलता येतं ते त्यात दिसतं. जड शब्द लागत नाहीत.

दुसरं, पिंगुळीला जा. कुडाळपासून अगदी जवळ. ठाकर समाजातली चित्रकथी परंपरा तिथे आहे, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 ला पद्मश्री मिळाली, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या सगळं बघायला मिळतं. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, कोपरे हाताळून मऊ झालेले असतात. सांगणारा एक चित्र समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक (छोटं चर्मवाद्य) यांच्या साथीवर कथा गातो. नीट बघ, तो चित्राचं वर्णन करत नाही! चित्रात दिसतंच आहे ते परत सांगत नाही, चित्रात जे थांबलंय ते गाण्यात पुढे नेतो आणि जिथे शब्द कमी पडतात तिथे नुसतं चित्राकडे बोट करून गप्प बसतो. चित्राशेजारी शब्दाने कसं बसावं याचं याहून चांगलं शिक्षण मला तरी दुसरीकडे मिळालं नाही. सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांना 2022 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ती कादंबरीसुद्धा या बाहुल्यांच्या जगाला धरून आहे, तेव्हा ही कला फक्त म्युझियमपुरती आहे असं समजू नकोस, आजचा लेखक तिच्यातून आजचं बोलतोय.

आणि एक अभ्यास देते, मी स्वतः केलाय. सावंतवाडीच्या गंजिफात, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांत, दशावताराचा डाव 120 पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं, त्यातला एक राजा, एक प्रधान आणि बाकी एक ते दहा. गोल पान, तळहातात मावेल एवढं. त्यातलं एकच पान घे आणि फक्त जे दिसतंय ते अर्धा तास लिही. "सुंदर" लिहायचं नाही, "आकर्षक" लिहायचं नाही. काठाची पट्टी किती रुंद, आकृती काठाला टेकलीय की सुटी आहे, ब्रश कुठे उचलला, रंग कुठे साठलाय. पहिली दहा मिनिटं काहीच सुचणार नाही. नंतर सुचतं. हे जमलं की अमूर्त चित्रासमोरही घाबरायला होत नाही, कारण तिथेही तेच करायचं असतं, आधी काय दिसतंय, आणि मग ते दिसताना मला काय झालं.

प्रश्न (वेंगुर्ले): एवढं नाटक, प्रदर्शनं, चर्चा यात तुम्ही अडकता तर तुमच्या स्वतःच्या कथा मागे पडत नाहीत का? पाच वर्षांत तुमचा एकही संग्रह आला नाही.

पडतात. त्याचं वाईटही वाटतं, रात्री तालमीवरून आल्यावर टेबलावर अर्धवट कथा बघितली की वाटतं. पण तालमीला गेले नसते तर त्या कथेतली बाई जशी बोलते तशी बोलली नसती, हेही तितकंच खरं आहे. तुमच्या बागलांची राईचे चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच कवी आरती प्रभू, कुडाळात घरची खानावळ सांभाळत कविता लिहीत होते, आणि पुढे कविता, कादंबरी, नाटक सगळीकडे गेले. ते केवढे आणि मी कुठे, बरोबरी नाही करत, पण एवढंच कळतं की भोवतीच्या माणसांतून उठून गेल्याने लिहिणं वाढतं असं काही नाही. संग्रह येईल तेव्हा येईल.

प्रश्न (अलिबाग): आम्ही पाच-सहा जण आहोत, एक छोटा गट करायचाय, महिन्यातून एकदा एखादी कलाकृती बघायची आणि त्यावर बोलायचं. हॉल नाही, पैसे नाहीत. सुरुवात कशी करू?

हॉल कशाला हवा? पहिल्या महिन्यात सासवण्याला जा, शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर आता संग्रहालय आहे, 1891 चा जन्म त्यांचा, त्याच गावचा. एका शिल्पासमोर सगळे पंधरा मिनिटं गप्प उभे राहा, मग बाहेर झाडाखाली बसून बोला. ज्याला बोलायचं नसेल त्याला बोलायला लावू नका. एकाने वहीत लिहायचं, दर महिन्याला वेगळा माणूस. वर्षाने सगळ्यांच्या अक्षरातली वही होते, तीच तुमची पहिली पत्रिका समजा. अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं, अशीच निघाली, सायक्लोस्टाइल करून, खिशाला चाट लावून, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे वगैरे कवींनी 1950 च्या दशकात शब्द हे अनियतकालिक काढलं तेव्हा त्यांच्यामागे तरी कुठली संस्था होती.

अध्यक्ष, सेक्रेटरी, लेटरहेड यात पहिलं वर्ष पडू नका. मी दोन गट त्यात मोडताना बघितलेत.

कधी उन्हाळ्यात सगळ्यांना सुट्टी जमली तर राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर जा. जांभ्या दगडावर कोरलेला प्रचंड हत्ती आहे, आणि त्याच्या अंगाच्या आत दुसरे कितीतरी प्राणी. 2022 साली कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असताना रेषा दिसतात, दुपारी सपाट होतात. एवढं मोठं चित्र जमिनीवर उभं राहून पूर्ण दिसतच नाही, चालत फिरावं लागतं आणि मनात जोडावं लागतं. तिथे तुमच्या गटाला बोलायला विषय कमी पडणार नाही.

प्रश्न (गुहागर तालुका): आम्ही बायकाच मिळून एक दीर्घांक बसवतोय, वैशाखात करणार. कुणी परीक्षण लिहीत नाही म्हणता ना, मग तुम्ही याल का? आणि वाईट वाटलं तर वाईट लिहाल का?

येते. वाईट वाटलं तर लिहीन, आणि नेमकं कुठे ते लिहीन. पण एक अट आहे, प्रयोगाच्या आधी एक तालीम बघू द्या, कोपऱ्यात बसेन, बोलणार नाही. तालीम किती वाजता असते आणि परतीची शेवटची एसटी कधी सुटते ते तेवढं कळवा, नाहीतर तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी एक रात्र राहीन, मला चालतं.